सरसाचा डबा सांगतो: ती मान का सुटली नाही

मित्रांनो, मी एक डबा आहे. जुना, तांब्याचा, आतून कल्हई केलेला. खरं म्हणजे मी एकात एक बसवलेले दोन डबे आहे. बाहेरच्यात पाणी असतं, आतल्यात सरस. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून काढलेला गोंद. त्याचे पिवळट दाणे असतात. ते दोन-तीन तास थंड पाण्यात भिजवायचे, फुगले की माझ्यात ओतायचे आणि खालून मंद आच द्यायची. पाणी तापतं, पाण्यानं सरस तापतो, पातळ होतो आणि मग लाकडाला लाकूड असं धरतो की बघत राहावं. हे काम मी पंचेचाळीस वर्षं करतो आहे. एवढ्या वर्षांत मी कधी कुरकुर केली नाही. आज करणार आहे. मी चिडलेलो आहे आणि का चिडलो ते सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही. गोड गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरं पुस्तक उघडावं.

मला ठोकून घडवलं एका तांबटानं, पण घडवून घेतलं मिस्त्रींनी. मिस्त्री गिटार बनवायचे. तेव्हा ते तिशीत होते आणि भलतेच चिकित्सक होते. त्यांनी मला दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा म्हणाले, आतला डबा तळाला टेकतोय. दुसऱ्यांदा म्हणाले, झाकण नीट बसत नाही. तांबट वैतागला.

"अहो, गोंद तापवायचाय की औषध बनवायचंय?"

"औषधच समजा," मिस्त्री म्हणाले. "उकळला की मेला."

खरंच आहे ते. सरस बोटाला सोसेल न सोसेल इतकाच गरम लागतो. उकळला तर त्याच्यातला जीव जातो. दिसतो तसाच, पण धरत नाही. मिस्त्री ब्रश उचलून वरून सोडायचे. टपटप थेंब पडले तर पाणी जास्त झालं. गोळा पडला तर कमी. एकसारखी बारीक धार लागली की ते मान डोलवायचे. मग अंगठा आणि बोट यांच्यात थोडा सरस चोळायचे आणि बोटं दूर करायचे. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ताणले गेले की म्हणायचे, "चला."

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खुर्च्या, दारं, कपाटाचे खण. मागच्या खोलीत गिटार. मी मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर. माझ्या शेजारी बाकीचे गोंद बसायचे. त्यांचीही ओळख करून देतो, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

पांढरा गोंद बाटलीत येतो. स्वभावानं सालस. खुर्चीचा पाय, खणाची बाजू, फोटोची चौकट, काहीही द्या, निमूटपणे धरून ठेवतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण गिटारच्या सहा तारा मिळून ब्रिजला, म्हणजे धडावरच्या तारा अडकवायच्या पट्टीला, आणि मानेला, म्हणजे हातात धरायच्या लांब दांड्याला, दिवसरात्र ओढत असतात. एखादा जाडजूड मामा तिथे कायमचा लोंबकळत असावा एवढा तो ताण असतो. त्या ताणाखाली पांढरा गोंद हळूच सरकतो. आज केसभर, पुढच्या वर्षी आणखी केसभर. भर उन्हात बंद गाडीत गिटार राहिली तर विचारूच नका.

दुसरा तो थेंबवाला, क्षणात चिकटणारा. उडालेली कपची बसवायला उत्तम. पण एक ठोसा बसला की काचेसारखा तडकतो. आणि माणसांची बोटं एकमेकांना चिकटवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

तिसरा इपॉक्सी. दोन ट्यूब, दोन्हींतून सारखंच घेऊन कालवायचं. धातू लाकडाला चिकटवायचा असेल, पाण्यात राहणारी वस्तू असेल, तर त्याच्यासारखा तोच. त्याची आणखी एक करामत म्हणजे तो फटी भरतो. सांधा वेडावाकडा कापलेला असला, मध्ये वाळूचा कण मावेल एवढी जागा राहिली, तरी हा ती भरून काढतो आणि दगडासारखा होतो. म्हणूनच आळशी कारागिराला तो फार आवडतो. आणि एकदा दगड झाला की तो पुन्हा सुटत नाही.

लोकांना वाटतं, न सुटणारा गोंद सगळ्यात चांगला. दुकानात येऊन विचारतात ना, "सगळ्यात पक्का कोणता?" मला त्यांच्या डोक्यावर झाकण आपटावंसं वाटतं. मिस्त्री त्यांना उलटा प्रश्न करायचे. "हा सांधा पुढे कधी उघडायचा आहे का?" खुर्चीचा नसेल उघडायचा. गिटारच्या मानेचा उघडायचा असतो. वीस-तीस वर्षं तारांनी ओढल्यावर प्रत्येक गिटारची मान थोडी पुढे वाकते. मग तारा मानेवरच्या फळीपासून उंच होतात, दाबताना बोटं सोलून निघतात. अशा वेळी मान काढायची, तिचं टोक जरासं तासायचं आणि पुन्हा सरळ बसवायची. आता मान काढायची म्हणजे सांध्यातला गोंद सुटायला हवा. सरस सुटतो. त्याला वाफ दाखवली की तो शहाण्यासारखा हात सोडतो. पुन्हा गरम सरस लावला की पुन्हा धरतो. धरायचं कधी आणि सोडायचं कधी, हे त्याला कळतं. माणसांचं तसं नाही, ते पुढे येईलच.

दुकानाचा एक नियम होता. गिटारच्या आत, त्या गोल भोकातून दिसेल अशा जागी, कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते. काहीही दुरुस्ती केली की त्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायचं, काय केलं आणि कशानं चिकटवलं. पुढे उघडणारा माणूस आंधळा राहू नये म्हणून. मिस्त्रींनी हा नियम चाळीस वर्षं पाळला. त्यांच्या हातांचं मी कौतुक करतो. त्यांच्या जिभेचं करणार नाही.

मिस्त्रींना दोन मुलं. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. थोरलीच्या हाताला सरस लगेच बसला. धाकट्याच्या नाही. तो विशीत असताना त्यानं एकदा मला आचेवर ठेवलं आणि बाहेर कुणाशी तरी बोलत बसला. पाणी आटलं, सरस उकळला, करपला, खोलीभर जळक्या केसांसारखा वास सुटला. माझ्या आतल्या तळावर त्याचा काळा डाग अजून आहे. मिस्त्री आले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्या सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "राहू दे रे, तुझ्यानं नाही व्हायचं. तू आपला खुर्च्या कर. ढुंगणाखाली जाणाऱ्या वस्तूच तुझ्या हाताला शोभतात."

गिऱ्हाइकं हसली. धाकटाही हसला. मला तेव्हाच ते हसू आवडलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं मला हात लावला नाही आणि "मला येत नाही" हे शब्दही पुन्हा तोंडातून काढले नाहीत. कुणी काही विचारलं की म्हणायचा, "होऊन जाईल." दुसऱ्यांदा शिकवायला फक्त एक दुपार लागली असती, मिस्त्री! पण नाही. तुमचा विनोद जास्त महत्त्वाचा.

आता बाईंबद्दल सांगतो.

बाई गिटार शिकवायच्या. लहान पोरं, कॉलेजची मुलं, एक निवृत्त पोस्टमन, सगळे त्यांच्याकडे. त्यांची गिटार मिस्त्रींनीच बनवलेली, चाळीस वर्षांपूर्वीची. तिच्या मानेचा सरस माझ्यातच तापला होता. दहा वर्षांपूर्वी त्या गिटारची मान सांध्यात किंचित हलायला लागली. बाई दुकानात आल्या, त्या दिवशी मिस्त्री डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. थोरली तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती. दुकानात एकटा धाकटा.

"तीन दिवसांनी माझा कार्यक्रम आहे रे," बाई म्हणाल्या. "होईल का?"

त्या वेळी त्यानं म्हणायला हवं होतं की बाई, मला हे येत नाही, बाबा चार दिवसांत घरी येतील. तो काय म्हणाला असेल? बरोबर.

"होऊन जाईल."

मी फळीवरून सगळं पाहिलं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. सांधा उघडला नाही, जुना सरस धुतला नाही. खोबणीच्या फटीत त्यानं इपॉक्सी कालवून सुईनं भरला, मान ओढून क्लँपचा शिकंजा आवळला आणि घाम पुसला. क्लँप तिरका बसला होता. मान पुढच्या बाजूला केसभर झुकलेली. सरस असता तर दुसऱ्या दिवशी वाफ देऊन पुन्हा करता आलं असतं. हा दगड झाला. मानेतली केसभर चूक तारांच्या खाली चांगली दोन नाणी मावतील एवढी झाली. तारा खाली आणायला त्यानं ब्रिजवरची हाडाची पट्टी घासून घासून कागदाएवढी केली, तरी तारा उंचच.

मग त्यानं पेन्सिल घेतली, आत हात घातला आणि चिठ्ठीवर लिहिलं, "मान बसवली. सरस."

मित्रांनो, मी डबा आहे. मला तोंड आहे पण आवाज नाही. त्या दिवशी मला त्याचं जितकं वाईट वाटलं तितकं कधी वाटलं नाही. माझं नाव घेऊन खोटं लिहिलं! मी त्या दिवशी फळीवर कोरडा बसलो होतो!

दहा वर्षं गेली. मिस्त्रींचे हात थरथरायला लागले, ते खिडकीपाशी खुर्चीत बसू लागले. थोरली नोकरी सोडून परत आली आणि मागची खोली तिनं हातात घेतली. धाकटा पुढच्या खोलीत दारं-खिडक्या करायचा. दोघांचं बरं चाललं होतं. मी रोज तापत होतो. आणि बाई? बाई पुन्हा आल्याच नाहीत. मला वाटलं, जमलं असेल कसंतरी.

मागच्या उन्हाळ्यात त्या आल्या. गिटार पेटीत, पेटी दोन्ही हातांत धरलेली.

"पोरी, ही कुणाला तरी देऊन टाक," त्या थोरलीला म्हणाल्या. "चांगल्या हातात दे. माझी बोटं गेली."

"म्हणजे काय, बाई?"

"म्हातारपण, दुसरं काय. दहा वर्षं झाली. दाबताच येत नाही. डॉक्टर झाले, मालिश झालं, गरम मेणात हात बुडवून बसले. मोठ्या मुलांना शिकवणं सोडलं. आता फक्त बारकी पोरं येतात, आणि तीही मला म्हणतात, बाई, तुम्ही वाजवून दाखवा ना."

त्या हसल्या. थोरली हसली नाही. तिनं पेटी उघडली, गिटार काढली, डोळा बारीक करून मानेवरून नजर टाकली. मग सरळ पट्टी घेतली आणि मानेवर ठेवली. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरून जायला हवं. ते ब्रिजच्या पोटात जाऊन आदळलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. मान वाकलीय. ही गिटार कुणालाच वाजवता यायची नाही. मला येणार नाही, पैलवानालाही येणार नाही."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बरी होईल?"

थोरलीनं आत दिवा धरून चिठ्ठी वाचली. "सरसानं बसवलेली आहे. मग काय, वाफ देऊन काढते, तासते, बसवते. पंधरा दिवस द्या."

पुढच्या खोलीत रंधा थांबला होता. धाकटा दारात येऊन उभा होता, अंगावर भुसा, चेहरा त्या भुशाच्याच रंगाचा. बाई गेल्यावर तो म्हणाला, "ताई, एवढ्या जुन्या गिटारवर कशाला वेळ घालवतेस? नवीन करून दे की त्यांना."

"का रे? तुला काय त्रास?"

"मला कसला त्रास? म्हटलं आपलं."

बोल ना, गाढवा! एक वाक्य! पण त्याच्या तोंडाला कुलूप. आणि थोरलीवरही माझा राग आहे, तिला मी सोडणार नाही. मिस्त्रींनी शिकवलं होतं की चिठ्ठीवर विश्वास ठेवावा, पण आधी सांध्याच्या कडेला कोमट पाण्याचा एक थेंब ठेवून बघावा. सरस असेल तर पाच मिनिटांत बोटाला चिकट लागतो. भावाचं अक्षर होतं, म्हणून तिनं तो थेंब ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काम सुरू केलं. सांध्याच्या वरचा एक फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची बारीक आडवी पट्टी, उपसला, तिथे बारीक भोक पाडलं, आणि कुकरच्या झाकणाला लावलेली रबराची नळी, तिच्या टोकाला जाड सुई, ती त्या भोकात घातली. वाफ आत जायला लागली. साधारण पाच-सात मिनिटांत मान हलायला लागते. दहा मिनिटं झाली. तिनं मान हलवून पाहिली. जागची हलेना. पंधरा झाली. सांध्याच्या कडेनं पाणी गळायला लागलं, पॉलिश पांढरं पडायला लागलं.

"असं कसं?" ती पुटपुटली. "एवढा घट्ट?"

धाकटा पुढच्या खोलीतून कामाचं निमित्त काढून तिसऱ्यांदा आत आला. या वेळी खिळे शोधत. खिळे पुढच्याच खोलीत असतात.

मग मला आवाज आला. टक्.

त्या आवाजाचा अर्थ फक्त मला आणि मिस्त्रींना कळला असता, आणि मिस्त्री तेव्हा दुकानामागच्या घरात दाढी करत होते. गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून लाकडाच्या आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या चाळीस वर्षांपूर्वी माझ्यातल्या सरसानं चिकटवलेल्या होत्या. सांध्यात वाफेला वाट मिळेना, ती धडात शिरली. माझा सरस इमानी. त्याला वाटलं, आपल्याला बोलावणं आलं. त्यानं हात सोडला. सुटायला नको होतं तिथे सुटला. टक्. दुसरी पट्टी.

"ताई, बंद कर," धाकटा म्हणाला.

"आता काय बंद करू? सुटेलच आता."

"बंद कर म्हणतो ना!"

"अरे पण का?"

तो पुन्हा खिळे शोधायला वळला. वाफ चालूच. टक्. तिसरी. वरची फळी मधोमध, तिच्या जोडावर, नखाएवढी उघडली. सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मी तापलेला असतो ना, तर फळीवरून त्याच्या पायावर उडी मारली असती.

मिस्त्री आत आले ते वासानं. गालावर अर्धा साबण. दारातच थांबले, नाक वर केलं. सरसाचा वास त्यांना झोपेतही ओळखता येतो. हा तो नव्हता. तापलेल्या इपॉक्सीचा वास कडू, डोळ्यांत जाणारा असतो.

"कुकर उतरव," ते म्हणाले. थोरलीनं उतरवला. मिस्त्रींनी थरथरता हात सांध्यावर फिरवला, नखानं कडेचं काही तरी खरवडलं, उजेडात धरलं. पिवळसर, काचेसारखं. मग त्यांनी कुणाकडे न बघता विचारलं, "चिठ्ठी कुणाच्या अक्षरात आहे?"

थोरली धाकट्याकडे बघायला लागली.

"तीन दिवसांत हवी होती त्यांना," धाकटा म्हणाला. "तुम्ही दवाखान्यात. मी काय करणार होतो?"

"नाही म्हणायचं होतंस!"

"नाही म्हणायचं? तुमच्या दुकानात? 'तुझ्यानं नाही व्हायचं' हे तुम्ही म्हणालात तेवढं पुरे नव्हतं का, मी पण म्हणायचं?"

मिस्त्रींच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे विनोद नव्हता.

थोरली मात्र पेटली. "ते तुम्ही दोघं नंतर बघा. तू लबाडी केलीस ती केलीस, पण काल? आज सकाळी? मी वाफ सोडत होते आणि तू खिळे शोधत होतास? डोळ्यांसमोर तीन पट्ट्या सुटल्या!"

"मला वाटलं सुटेल."

"इपॉक्सी? वाफेनं?"

तो खाली बसला. भुशातच. मग म्हणाला, "ताई, बाईंना सांगू नको. लाकूड जुनं होतं, फळी तडकली असं सांगू. खोटं कुठे आहे? तडकलीच आहे."

मला थोरलीचा चेहरा अजून दिसतो. क्षणभर, फक्त क्षणभर, ती त्यावर विचार करत होती. तिचं दुकान होतं ते. तिचं नावही त्यात जाणार होतं. मग तिनं चिठ्ठी लिहायची पेन्सिल उचलली आणि खिशात घातली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू सांगणार आहेस. आज. त्यांना इथे बोलावणार नाहीस, त्यांच्या घरी जाणार आहेस."

"त्यांच्या पोरांसमोर?"

"बाबांनी चौघांसमोर तुझं हसं केलं ना? तुला माहीत आहे कसं वाटतं. मग त्यांची पोरं गेल्यावर जा."

तो गेला. काय झालं ते मला नंतर कळलं, तो थोरलीला सांगत होता तेव्हा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. आपले हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दहा वर्षं मी यांना शिव्या घातल्या. रोज. सकाळी उठले की आधी यांनाच शिव्या." आणि मग त्याला म्हणाल्या, "जा आता."

आता जे काम झालं ते कुणावर येऊ नये. वाफेनं सुटणारी मान वाफेनं सुटली नाही, म्हणून थोरलीनं ती बारीक करवतीनं कापली. चाळीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी एका आठवड्यात तासून बसवलेला सांधा, करवतीखाली. इपॉक्सीचे तुकडे पटाशीनं एकेक काढले. खोबणीत नवं लाकूड भरलं, नवी खोबण कापली. सुटलेल्या पट्ट्या आणि फळीचा जोड धुऊन पुन्हा चिकटवला, ब्रिजवर हाडाची नवी पट्टी बसवली. आणि मग तिनं धाकट्याला हाक मारली. "इकडे ये. डबा ठेव."

डबा म्हणजे मी. पंधरा वर्षांनी त्याचा हात माझ्या मुठीला लागला. त्यानं मला तापलेली कढई धरावी तसं धरलं. मला वाटलं, टाकतोय खाली! मला त्याची दया आली नाही. मी अजूनही चिडलेलोच होतो.

मिस्त्री खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी दाणे भिजवायला सांगितले, किती पाणी ते दाखवलं. "आच कमी. आणखी कमी. बोट घालून बघ. चटका बसला तर जास्त." एकही टोमणा नाही. मधूनच धाकट्याचा ब्रश चुकला, गोळा पडला, आणि मिस्त्रींचे ओठ उघडले. मी वाट बघत होतो. त्यांनी ओठ मिटले. "पाणी घाल चमचाभर," एवढंच म्हणाले. एवढं सोपं होतं, मिस्त्री. पंधरा वर्षांपूर्वीही एवढंच सोपं होतं.

सरस लावला की तो धरायच्या आत हातात मिनिटभरही नसतं. म्हणून आधी कोरडा सराव करतात. लाकूड जरा शेकायचं, मान बसवायची, क्लँप लावायचा, पट्टी ठेवून बघायचं, सगळं काढायचं, पुन्हा. धाकट्यानं नऊ वेळा केलं. नवव्या वेळी पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्यावरून अलगद गेलं. मग दहाव्यांदा सरस लावून. क्लँपच्या कडेनं बारीक मोत्यांसारखा सरस बाहेर आला. चिठ्ठीवर त्यानं काय लिहिलं ते मला इथून दिसलं नाही, पण बराच वेळ लिहीत होता.

चार दिवसांनी बाई आल्या. स्टुलावर बसल्या, गिटार मांडीवर घेतली. आधी नुसता हात ठेवला. मग पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकलं, बाकीची तीन बोटं पुढे. त्यांनी मोठ्या मुलांना शिकवणं ज्या पकडीमुळे सोडलं होतं, तीच ही पकड. उजव्या हातानं त्यांनी तारा छेडल्या.

सहाच्या सहा वाजल्या. स्वच्छ. एकही तार मुकी नाही.

त्यांनी पुन्हा छेडल्या. पुन्हा. मग हात तारांवर ठेवून आवाज बंद केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी असेल असं तुम्हाला वाटलं असेल. नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"वरच्या फळीचा आवाज पहिल्यासारखा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," थोरली म्हणाली. "तो नाही येणार आता परत."

बाईंनी मान हलवली, गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या कड्या लावल्या. जाताना धाकट्यासमोर थांबल्या.

"चांगली बसवलीस. पण मी माफ केलं असं समजू नकोस. अजून नाही केलं."

"हो, बाई," तो म्हणाला.

मित्रांनो, मी या फळीवरून अजून सगळं बघतो. आता गिऱ्हाईक आलं, काही अवघड घेऊन आलं, की धाकटा म्हणतो, "मला येत नाही. ताईला विचारतो." आकाश कोसळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "बरं, विचारा," आणि स्टुलावर बसतं. बस्स! या एवढ्याशा वाक्यासाठी एका बाईची दहा वर्षं गेली, तिचे विद्यार्थी गेले, तिच्या गिटारचा आवाज गेला. मी त्यावर शांत होऊ शकत नाही आणि तुम्हीही होऊ नका.

तुमच्यातलं कुणी पुढे सुतार होईल, कुणी गिटार बनवेल, कुणी फक्त घरच्या खुर्चीचा पाय चिकटवेल. गोंद निवडताना "पक्का कोणता" एवढंच विचारू नका. काय धरायचंय, किती ताण आहे, आणि पुढे कधी उघडावं लागेल का, ते विचारा. येत नसेल तर तसं तोंडानं म्हणा, मोठ्यानं म्हणा. आणि तुमच्यासमोर कुणी तसं म्हणालं, तर हसू नका. काम झालं की माझ्यासारख्याला कोमट पाण्यानं धुऊन ठेवा, उरलेला सरस उद्यासाठी कुजवत बसू नका. आणि चिठ्ठीवर जे लावलं तेच लिहा. चाळीस वर्षांनी ती वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल. त्याच्या हातात वाफेची नळी असेल.